डाव्या चाकाचे दुखणे

॥ श्री ॥

हनुमाननगर, नागपूर
होळीनंतरचा मंगळवार, १९७४

चि. गिरिधर यास गोपाळदादाचा शिरसाष्टांग नमस्कार.

(तू माझा आतेभाऊ आणि माझ्याहून चांगला लहान, तेव्हा आशीर्वाद लिहायला हवे होते, हे मला समजते. पण तू पडलास मोटारींच्या कारखान्यातला इंजिनियर, आणि ज्याला ब्रेकची विद्या येते त्याच्या पाया पडायला मी सध्या एका पायावर तयार आहे. पत्र वाचून झाले की नमस्कार आणि आशीर्वाद आपापल्या जागी लावून घे.)

तुझी प्रकृती उत्तम असेलच. तिकडच्या पाण्याने पोट बिघडायचे ते थांबले का? खाणावळीत अजून रोज वांगेच असते का? इकडे सर्व खुशाल, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे म्हणजे पुष्पलतेचा खोकला आहे तसाच आहे, ऊन यंदा शिमग्याआधीच तापायला लागले, बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक थोडे आणि चौकशा फार, आणि माझ्या जिवाला महिनाभर असा घोर लागला आहे की दाढी करताना आरशात बघवत नाही. घोर जीपचा आहे. म्हणजे जीपचा आहे आणि तुझ्या आईच्या डोळ्याचाही आहे. हे दोन घोर एकमेकांत असे अडकले आहेत की एक सोडवायला जावे तर दुसरा आवळतो. तेव्हा पत्र लांबेल. कारखान्याच्या वेळात वाचू नकोस.

आधी डोळ्याचे सांगतो. यमुआत्याच्या उजव्या डोळ्याने तर पूर्वीच राजीनामा दिला होता, आता डाव्यातला मोतीबिंदूही पुरता पिकला. जवळचे दिसते, लांबचे सगळे दुधात बुडाल्यासारखे. परवा तिने दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या कोटाला दुकान कसे चालले आहे म्हणून विचारले. (कोटाने उत्तर दिले नाही म्हणून मला रागे भरली.) धंतोलीत डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, ऑपरेशन करा, आता लांबवाल तर डोळा हातचा जाईल. पुढे म्हणाले, ऑपरेशन सोपे आहे, जपायचे ते नंतर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवतात. खोकायचे नाही, शिंकायचे नाही, हसायचेसुद्धा नाही, आणि घरी नेताना डोक्याला म्हणून धक्का बसता कामा नये. टाके उसवले तर सगळेच मुसळ केरात. मग त्यांनी विचारले, पेशंटला घरी कशाने न्याल? मी छाती काढून सांगितले, घरची जीप आहे. डॉक्टर उठले, खिडकीशी गेले, खाली उभ्या असलेल्या आपल्या जीपकडे बराच वेळ पाहिले, आणि परत येऊन बसले. गिरिधर, ते काही बोलले असते तर बरे झाले असते.

तो दिवस आणि आजचा दिवस. त्याच दिवशी धंतोलीतून परत येताना मेडिकलच्या चौकात एक म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि माझ्या उजव्या तळपायात काहीतरी उडू लागले. टुक टुक टुक टुक. गाडी मंदावली तसे तेही मंदावले, आणि गाडी थांबली तसे तेही थांबले. आत्या शेजारी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, म्हणून तिला काही कळू दिले नाही. तुला माहीत आहे, आमच्या वडिलांचे दुखणे पायापासूनच सुरू झाले होते. मी घरी आलो, पाय उशीवर ठेवून आडवा झालो, आणि दुकानाच्या किल्ल्या कुठे असतात ते पुष्पलतेला समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी काढली, पुन्हा तेच. ब्रेकवर पाय ठेवला की नाडी उडते, पाय काढला की गप्प. मी रामदासपेठेतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय हातात घेतला, दाबला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. पण त्यांच्या टेबलावर माझा पाय शाळेच्या इन्स्पेक्टरसमोरच्या पोरासारखा अगदी शहाण्यासारखा बसला. हे केव्हा होते, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, गाडी थांबवताना. ते म्हणाले, मन फार लावून घेता, मीठ सोडा.

मी मीठ सोडले. अळणी वरणभात खाऊन माझ्या तोंडाची चव गेली, पण पायाची नाडी काही गेली नाही. तेव्हा मी उजव्या पायाला विश्रांती द्यावी म्हणून डाव्या पायाने ब्रेक दाबायचा विचार केला. (हा विचार तू कोणाला सांगू नकोस. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याची सायकल आता दुरुस्त झाली आहे आणि तोही बोलायला लागला आहे.) पण त्यातून कळले ते असे, की डावा पायही उडतो. म्हणजे रोग पसरला. मी घरी येऊन हे पुष्पलतेला अत्यंत हळुवारपणे सांगितले. ती पापड लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "पाय काहून दाखवून राहिले अहो डॉक्टरले? गाडी दाखवा ना." बायकांना आजारी माणसाविषयी कणव नसते हे खरे, पण त्या संध्याकाळी मी मीठ घालून जेवलो.

गाडी दाखवली घाटरोडवरच्या चंद्रभान मिस्त्रीला. हा माणूस तुझ्या ओळखीचा नाही, आणि तसाच राहू दे. त्याला गाडी पाहायच्या आधीच कळते काय झाले ते. पाहिल्यावर मात्र त्याचे मत बदलते. आधी म्हणाला, "भाऊ, ऑइलमदी हवा शिरली. हवा काढली का गाडी लोण्यावानी थांबते." हवा काढली. पेडल थोडे घट्ट झाले, पण टुकटुक तशीच. उलट आता घट्ट पेडलाने जास्तच जोरात लाथा मारायला लागली. मग म्हणाला, बेअरिंग. चाके उतरवली, बेअरिंग कसली, ग्रीस भरले, त्यातले अर्धे माझ्या धोतराला लागले. टुकटुक कायम. मग ब्रेकच्या पट्ट्यांना नवीन लायनिंग बसवले. टुकटुक कायम. शेवटी त्याने जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सांगितले, "गाडीले काही झालं नाही भाऊ, आपला रोडच खराब आहे." मी विचारले, रोड खराब असेल तर तो फक्त मी ब्रेक दाबल्यावरच खराब कसा होतो? त्यावर त्याने बिडी पेटवली, विचार केला, आणि म्हणाला, "तेच त मी पाहून राहिलो."

मग मीच कंबर कसली. काळजी माणसाला काहीही शिकवते. सकाळी अंबाझरीकडच्या मोकळ्या रस्त्यावर जीप नेली. नुसती पळवली, काही नाही. पायाचा ब्रेक हळू दाबला, टुकटुक सुरू, आणि हातातले स्टिअरिंगही तालावर मान हलवू लागले. हातब्रेकने थांबवली, टुकटुक नाही. आता पायाचा ब्रेक चारी चाकांना, हातब्रेकचा पुढच्या चाकांशी संबंध नाही आणि स्टिअरिंगचा फक्त पुढच्यांशीच आहे. तेव्हा चोर पुढे, हे माझ्यासारख्या बियाणेवाल्यालाही समजले. (बरोबर ना? बरोबर असेल तर उत्तरात तसे स्पष्ट लिही, पुष्पलतेला दाखवायचे आहे.) घरी येऊन पुढची बाजू जॅकवर घेतली, पेडलवर एक वीट ठेवून ब्रेक किंचित लागलेला ठेवला, आणि एकेक चाक हाताने फिरवले. उजवे चाक एकसारखे घासत फिरले. डावे अर्धा वेढा मोकळे जाई आणि मग एका ठिकाणी घस्स करून अडे. दर वेढ्याला त्याच ठिकाणी. म्हणजे आतला लोखंडी ड्रम गोल राहिला नव्हता. चाकाबरोबर फिरताना त्याची आत दबलेली बाजू आली की ती ब्रेकच्या पट्ट्यांना ढकलणार, पट्ट्या ऑइलला ढकलणार, आणि ऑइल माझ्या पायाला.

ड्रम काढून खरादीकडे नेला. त्याने तो लेथवर चढवून पाते टेकवले, तर अर्धा ड्रम चकचकीत झाला आणि अर्धा काळाच राहिला. मी तो काळा अर्धा बघून इतका आनंदलो की खरादी माझ्याकडे संशयाने पाहू लागला. ड्रम गोल करून बसवला. परतताना आत्याच्या डोक्याच्या जागी, म्हणजे शेजारच्या सीटवर, काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला, आणि भर रस्त्यात तीनतीनदा ब्रेक दाबला. थेंब सांडला नाही. पायात चिडीचूप. मी धंतोलीत जाऊन डॉक्टरांना सांगून आलो, तारीख द्या. रामनवमीनंतरची तारीख मिळाली.

दुसऱ्या दिवशी खताची पोती घालून काटोलला गेलो. जाताना गाडी लोण्यावानी, येतानाही लोण्यावानी. शहरात शिरल्यावर गाई, रिक्षा, बैलबंड्या, म्हणजे घरापर्यंत ब्रेकवरचा पाय निघाला नाही, तरी लोण्यावानी. रात्री मी गाढ झोपलो. सकाळी दुकानात जायला गाडी काढली, पहिल्याच वळणावर टुक टुक टुक टुक.

पुन्हा ड्रम काढला. पुन्हा डावाच. पुन्हा खराद, पुन्हा पाण्याचा पेला, पुन्हा सावनेरची एक फेरी, आणि पुन्हा टुकटुक. आता खरादी सांगतो की ड्रमचा पापड झाला आहे, आणखी एकदा कातला तर त्याचे कंगन होईल, ते हातात घालून घरी जा. चंद्रभान म्हणतो, गाडीवर कोणाची नजर आहे. नजर असती तर अख्ख्या गाडीला लागली असती, एका डाव्या चाकाला कशी लागेल? माझी झोप उडाली. आत्याला आणायला जीप न्यावी तर टाके उसवायची भीती, सायकलरिक्षाने आणावी तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो खड्डा आहे त्यात माझीच दाढ हलली होती. चालवत तर आणता येत नाही. एकदा खाटेवर घालून चौघांनी उचलून आणावी असे मनात आले, पण ते दृश्य डोळ्यांपुढे आल्यावर मी तो विचार सोडला.

चोर सापडला तो गेल्या गुरुवारी. आतापर्यंत मी बाहेरून आलो की गाडी फाटकाशी लावून थेट न्हाणीघरात जात असे. अंगावर पाणी घेताना बाहेरून चर्र असा आवाज येई, आणि पुष्पलतेने फोडणी टाकली असे समजून मला बरे वाटे. (फोडणी टाकली असे वाटून मी जेवायला बसायचो आणि ताटात थंड भाकरी यायची, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.) शिवाय गल्लीतला पांढरा कुत्रा अलीकडे जीप आली की शेपूट हलवत हजर व्हायचा, आणि मी ते प्रेम माझ्यावरचे समजत होतो. गुरुवारी मी दुपारी कळमेश्वरहून आलो आणि आत न जाता, गाडीखाली उजव्या बाजूने शिरून ऑइल कुठे गळते का ते पाहत उताणा पडलो. तेवढ्यात पलीकडच्या बाजूला दोन अनवाणी पावले आणि लुगड्याचा काठ दिसला. पावले हळूहळू, चाचपडत आली, डाव्या दरवाजाशी थांबली. चांगली थांबली. मग भाकरीचा तुकडा रस्त्यावर पडला, तो कुत्र्याने उचलला, आणि मग वरून पाण्याची धार डाव्या चाकावर! चर्र झाले, वाफ उठली, आणि तापलेल्या चाकातले गरम पाणी वाहत येऊन माझ्या कानात गेले. तुझी मातोश्री, गिरिधर! पितळेची मोठी चरवी घेऊन! प्रवासातून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळून टाकतात ते मला ठाऊक आहे, पण चाकाच्या?

मी बाहेर येऊन तिला पुष्कळ समजावले. ड्रम तापलेला असतो, त्यावर एकदम गार पाणी पडले की एका बाजूचे लोखंड आकसते आणि वाकडे होते, हे शास्त्र सांगितले. ती म्हणाली, "बैलाचे पाय धुतल्यानं बैल वाकडा झाला काय गा कधी?" मी म्हणालो, आत्या, बैल लोखंडाचा नसतो. ती म्हणाली, "मंग कोमट आणीन." आणि खरोखरच आता चुलीवर पाणी तापवून ठेवते! म्हणजे मला ड्रमची काळजी होती ती जाऊन, दिसत नसलेल्या म्हातारीने गरम पाण्याची चरवी घेऊन ओट्याच्या पायऱ्या उतरण्याची काळजी लागली. दुसऱ्या दिवसापासून हॉर्न वाजवणे सोडले, तर ती कोपऱ्यावरूनच गाडीचा आवाज ओळखते. गाडी उलट्या तोंडाने लावली, की डावे चाक रस्त्याच्या बाजूला जावे. तर ती सायकलींमधून वळसा घालून डावीकडेच गेली. (उजवे चाक समोर होते, तेही तितकेच थकले होते, पण त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही.) शेवटी गाडी पलीकडच्या गल्लीत लपवली. तर ही बाई चरवी घेऊन गल्लीत शोधायला निघाली, नालीच्या काठाकाठाने. पुष्पलतेने धावत जाऊन धरले. मी पुन्हा गाडी फाटकाशी लावू लागलो.

तेव्हा इंजिनियरसाहेब, माझी विनंती अशी. पाण्याने वाकडा होणार नाही असा ड्रम निघाला आहे काय? नसल्यास कोमट म्हणजे किती कोमट चालते ते लिहून कळव. आणि डाव्या पुढच्या चाकाचा एक नवा ड्रम तिकडे मिळत असेल तर कोणी येणारा-जाणारा पाहून पाठवून दे. रामनवमीच्या आत यायला हवा. बाकी सर्व ठीक. खाणावळीतल्या मंडळींना माझे यथायोग्य सांग, आणि वांगे खात जा, ते वाईट नसते.

तुझा, दोन्ही पाय शाबूत असल्याचे नुकतेच कळलेला,
गोपाळदादा

ता. क. — पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात पुष्पलतेने पत्र वाचायला घेतले. वाचून म्हणाली, सगळे लिहिले, पण आत्याबाई असे का करतात ते विचारले का? मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांच्या खुळाला का नसते. ती उठली आणि आत्याजवळ जाऊन बसली. आत्याने तिला जे सांगितले ते येणेप्रमाणे. "गाडीतून गिरिधर उतरला असन त? मले दुरून दिसत नाही बाई. जवळ जाऊन पाहा लागते." स्टेशनवरून येताना तू नेहमी डाव्या सीटवर बसतोस, म्हणून डावी बाजू. जाऊन ती सीटवर हात फिरवते. गुरुवारी सीटवर ढेपेचे पोते होते, त्याच्यावरून हात फिरवत उभी होती, ती खालून मला थांबलेली दिसली. तू नाहीस असे कळले तरी, येणाऱ्यासाठी काढलेले पाणी भरल्या भांड्याने परत घरात नेऊ नये असे तिचे म्हणणे, नेले तर येणारा वाटेतूनच माघारी फिरतो. म्हणून ती ते गाडीच्या पायावर घालते. गाडी तरी आली ना, असे म्हणाली. गिरिधर, तू प्रत्येक पत्राच्या शेवटी "दोनचार दिवसांत निघतोच" असे लिहितोस आणि तारीख लिहीत नाहीस. मीच ती पत्रे तिला वाचून दाखवतो. मोठ्याने वाचतो.

ता. क. दुसरा — ड्रम नको. ड्रम मी इथे कुठेही मिळवीन. तू ये. आत्या आता ऑपरेशनलाच नाही म्हणते आहे. म्हणते, डोळ्यांवर पट्टी असताना पोरगा आला तर त्याला पाहणार कोण, आणि पाणी नेणार कोण? आधी तो येऊन जाऊ दे. डॉक्टर म्हणतात थांबायला वेळ नाही. मी भांडलो, पुष्पलता रडली, ती ऐकत नाही. तेव्हा रजा मिळो न मिळो, दोन दिवसांसाठी का होईना, रामनवमीच्या आत ये, आणि कोणत्या गाडीने येतोस ते तारखेसह लिही. लिहून न येणार असशील तर मात्र लिहू नकोस.

ता. क. तिसरा — तुझ्याने जमलेच नाही, तर काळजी करू नकोस. मी तिला शपथ घालीन, खोटे बोलीन, कसेही करून ऑपरेशन करवीन. मग जाड भिंगाचा चष्मा येईल आणि तिला ओट्यावरूनच स्पष्ट दिसेल, की गाडीत तू नाहीस. ती चरवी घेऊन पायऱ्या उतरणार नाही. चाकावर पाणी पडणार नाही, ड्रम वाकडा होणार नाही, आणि आपला ब्रेक कायमचा दुरुस्त होईल. मला तसा दुरुस्त झालेला ब्रेक नको आहे रे.